सगुणाबाईंचा पाठमोरा न्याय

सगुणाबाई हरिबा कोळपे यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी अशी छापलेली आहे. गावातील त्यांच्या वयाच्या बहुतेक स्त्री-पुरुषांची जन्मतारीख एक जानेवारी हीच आहे. कार्ड काढण्याच्या दिवशी सगुणाबाईंनी यंत्रापुढे बसलेल्या माणसास विचारले होते, "एका दिसात एवढी समदी जल्मली, तर सुईणी किती हुत्या?" तो म्हणाला, "मावशी, डोळं मिटू नका, फोटो हलतोय."

येथून प्रारंभ करणे योग्य आहे, कारण सगुणाबाईंचा सारा स्वभाव या एका प्रश्नात आला. त्यांनी आयुष्यात कोणाशी भांडण केले नाही. त्या फक्त विचारतात. हिवरमळ्यातील अनुभवी लोकांचे मत असे आहे की, त्यापेक्षा भांडण परवडले.

हिवरमळा हे गाव खुटबावकडून राहूकडे जाताना उसात बुडालेले आहे. रस्त्यावरून मंदिराचा कळस आणि मोबाइलचा मनोरा एवढेच दिसते. गावाच्या शेवटी, जेथे घरे संपतात आणि ऊस सुरू होतो, तेथे सगुणाबाईंचे दोन खोल्यांचे घर, एक छपरी व एक शेळी आहे. या हकिकतीत त्या शेळीला मानाचे स्थान असल्यामुळे तिचे नाव आताच सांगतो. तिचे नाव बांडी.

सगुणाबाईंचा जन्म मेंढरांच्या तळावर झाला. चालता येईपर्यंत त्यांचा सर्व प्रवास घोड्याच्या पाठीवर, भांडी व कोंबड्या यांच्या मध्ये बांधलेल्या अवस्थेत झाला. लग्न झाल्यावर तळ बदलला. घोडा, भांडी आणि कोंबड्या तशाच राहिल्या. दिवाळी सरली की कळपासह घाट उतरायचा आणि मृगाच्या आधी परत चढायचा, असे तीस-बत्तीस वर्षे चालले. वाटेवरील शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत, कारण लेंडीखतासारखे खत नाही. हिवरमळ्याच्या कोंडिबा आप्पांच्या रानात हा कळप दरवर्षी चार दिवस बसे. पुढे पाटाचे पाणी आले, मागोमाग ऊस आला, चराईची राने गेली. तेव्हा हरिबांनी आप्पांच्याच बांधाला लागून पाऊण एकर जमीन घेतली, मेंढ्या विकल्या आणि काठी कोपऱ्यात उभी केली. तळावर दुधासाठी दोन शेळ्या असत, तेवढ्या त्यांनी ठेवल्या. बांडी ही त्यांपैकी एकीची पणती. सात वर्षांपूर्वी हरिबा वारले. त्या साऱ्या चालत्या संसारातून आता बांडी तेवढी उरली होती.

तळावरचा एक रिवाज येथे सांगणे आवश्यक आहे. एखादी मेंढी पाय मोडून पडली, तर ती कापून सगळ्या बिऱ्हाडांत वाटत. सात बिऱ्हाडे, पळसाच्या पानांवर सात वाटे. वाटे हरिबा घालीत. माणूस कितीही सरळ असला, तरी काळजाचा तुकडा कोणत्या पानावर पडला हे त्याच्या डोळ्यांना दिसतेच. म्हणून वाटे घालून झाले की सगुणाबाई त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहत. हरिबा मनास येईल त्या पानाजवळ काठी टेकवून विचारीत, "ह्यो कुणाचा?" सगुणाबाई न बघता एका बिऱ्हाडाचे नाव घेत. तीस वर्षांत तक्रार आली नाही. यातील खरी करामत पाठ फिरवण्यात नव्हती, ती त्याच्या आधी घडत असे. कोणते पान आपल्या नशिबी येणार हे ठाऊक नसल्यामुळे हरिबांची सुरी प्रत्येक पानावर सारखीच चाले.

एकदाच हरिबांच्या चुलतभावाने वाटे घातले. त्याने एक पान भरघोस केले आणि त्या पानावर काठी येताच तो मोठ्याने खोकला. सगुणाबाईंना खोकला ऐकू आला. त्यांनी त्या वाट्याला तळावरच्या कुत्र्याचे नाव घेतले. कुत्र्याने तो वाटा मान्य केला.

सध्या सगुणाबाईंच्या घरी त्यांची नात रुपाली असते. तिचे वडील रांजणगावच्या कारखान्यात पाळीने जातात आणि आईही तिकडेच असते. रुपाली दौंडच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत आहे. त्या परीक्षेत नीतिशास्त्राचा एक पेपर असतो. त्यात माणसाला संकटात टाकून त्याने काय करावे असे विचारलेले असते. रुपाली हे प्रश्न छपरीत बसून मोठ्याने वाचते, कारण मोठ्याने वाचलेले तिच्या लक्षात राहते. समोर सगुणाबाई बांडीची धार काढीत असतात.

"आजी, ऐक. रेल्वेचा एक डबा सुटलाय. बिरेक न्हाईत. म्होरं रुळावर पाच माणसं हायेत. तू खटक्यापशी उभी. खटका वढला तर डबा दुसऱ्या रुळावर जाईल, पर तिथं एक माणूस हाय. काय करशील?"

"टेसन कंचं? केडगाव का दौंड?"

"कंचं बी, आजी."

"आसं कसं? केडगावला फाटक हाय. फाटकवाला कुठं गेलता?"

"फाटकवाला न्हाईच. गृहीत धर."

"बरं. खटका वढणारी मी. मी कुठं हाय? रुळावर का बाजूला?"

रुपालीने पुस्तकात पाहिले. "बाजूला."

"मंग बाई सोपं हाय. बाजूला उभं ऱ्हाऊन कुणाला बी शाणपण सुचतंय. त्या एकट्याला कुणी इचारलंय का?"

"तेवढा टाइम न्हाई."

"फाटकवाला न्हाई, बिरेक न्हाई, टाइम बी न्हाई. ही परीक्षा हाय का रेल्वेची बदनामी?"

रुपालीने सराव परीक्षेत हेच उत्तर शुद्ध भाषेत लिहिले: निर्णय घेणारा स्वतः धोक्याबाहेर आहे काय, आणि ज्याच्यावर धोका येणार त्याला विचारले आहे काय, हे प्रथम पाहावे. तिला दहापैकी तीन गुण मिळाले. शेरा होता, "गृहीतके बदलू नयेत." तो ऐकून सगुणाबाई म्हणाल्या, "गृहीत कुणी धरलं त्येला इचारायचं बी न्हाई व्हय?"

आता बांडीविषयी. ती पांढरी असून तिच्या अंगावर काळे ठिपके आहेत. एक कान फाटका आहे. तिचा आवाज असा आहे की, ती ओरडली म्हणजे शाळेतील मुले मधली सुट्टी झाली असे समजतात. मागील ग्रामपंचायत निवडणुकीत भिंतींवर खळ लावून पत्रके चिकटवलेली होती. खळ पिठाची असते, आणि बांडीला ती आवडते. तिने गावातील सर्व पत्रके चाटून खाल्ली. तिने यात पक्षभेद केला नाही. तथापि पृथ्वीराज नावाच्या उमेदवाराची पत्रके सर्वांत जास्त असल्यामुळे ती सर्वांत जास्त खाल्ली गेली. पृथ्वीराज निवडून आले व सरपंच झाले, परंतु ती गोष्ट त्यांनी मनात ठेवली.

सरपंच पृथ्वीराज हे कोंडिबा आप्पांचे पुतणे. वय चौतीस, कामसू, बोलण्यास गोड. त्यांच्याकडे सम्राट नावाचा एक बोकड आहे. त्याला रोज तेल लावतात. तो प्रदर्शनात पहिला आलेला आहे. पृथ्वीराजांच्या वाढदिवसाच्या फलकावर दोघांचेही छायाचित्र होते, आणि निःपक्षपाती माणसाला विचारल्यास सम्राटचे अधिक चांगले आले होते.

या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्याचा आसरा उघडा पडला. आधी दोन कुत्री गेली. मग भरदिवसा पाटाच्या कडेला एक वासरू गेले. पोरांना शाळेत पोहोचवायला काठ्या घेऊन दोघे-दोघे जाऊ लागले. ही भीती खरी होती, तिच्यात हसण्यासारखे काही नव्हते. शेवटी वनखात्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून एक पिंजरा आणला. सोबत एक मितभाषी वनरक्षक आला. त्याने सांगितले की पिंजऱ्याला दोन कप्पे आहेत. मागच्या कप्प्यात शेळी राहते, पुढच्यात बिबट्या येतो, मध्ये जाळी असते. शेळी मात्र गावाने द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मंदिराच्या मंडपात ग्रामसभा भरली. गावात शेळ्या असलेली घरे एकोणीस. सरपंचांनी विचारले, "कोण देतंय?" तेव्हा असे निष्पन्न झाले की गावात पिंजऱ्यात जाण्याजोगी शेळी नाही. तीन गाभण होत्या. एक माहेरची होती. एका घरचा बोकड खंडोबाला बोललेला होता. तो अगोदरच दुसऱ्या कार्यासाठी नेमलेला असल्याने बिबट्यापुढे ठेवणे अधर्म झाला असता. वरच्या आळीच्या साखरबाई म्हणाल्या, "आमची लई लाजाळू हाय, परक्याम्होरं तोंडच उघडत न्हाई." पृथ्वीराज म्हणाले, "सम्राटचं म्हणाल, तर तो माझ्या एकट्याचा नाही. तालुक्याचा आहे."

मग कोणीतरी मागून म्हणाले, "बांडी!"

आणि सर्वांना एकदम पटले. आवाज खणखणीत. घर उसाला लागून. वयही झालेले. वनरक्षकानेही मान्य केले की ओरडणारी शेळी असलेली बरी. पृथ्वीराज हात जोडून म्हणाले, "सगुणाआजी, गावासाठी एवढं करा. ज्यांची संमती हाय त्यांनी हात वर करा." मंडपभर हात वर झाले. ग्रामसेवकांनी वहीत लिहिण्यास सुरुवात केली.

सगुणाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. बांडी तर गेलीच, असे त्यांच्या मनाने घेतले. सकाळी घरून निघताना तिच्यापुढे कडबा टाकला होता, तेवढाच आता शेवटचा, हेही मनात आले. पण तोंडाची सवय मनापेक्षा जुनी होती.

"भाऊसाहेब, काय लिवलं?"

"ठराव, आजी. सर्वानुमते."

"माझा हात तर खालीच हाय."

ग्रामसेवकांनी एक शब्द खोडला. "बहुमताने."

"बहुमतानं. बरं. कशावर मत दिलं समद्यांनी?"

पृथ्वीराज म्हणाले, "तुमची शेळी ठेवायची, ह्याच्यावर."

"न्हाई, सरपंच. आपली ठेवायची न्हाई, ह्याच्यावर दिलं. दोन्ही एकच व्हय?"

मंडपात कुजबुज झाली. साखरबाई म्हणाल्या, "झालं हिचं सुरू. आता जेवणं दुपार टळल्यावर."

सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. "एकच इनंती. ठराव ह्योच ठेवा. गावातली एक शेळी पिंजऱ्यात ठेवायची. फकस्त कुणाची ते आता सांगायचं न्हाई, मागनं ठरंल. आता करा हात वर."

ज्यांनी मघाशी हात वर केले होते, त्यांतील एक हात डोके खाजवण्यास गेला. एक टोपी नीट करण्यास गेला. काही हात पुरते वर येऊन वाटेत थांबले आणि आपल्या धन्याकडे पाहू लागले. सरळ वर राहिलेले हात फक्त ज्यांच्या घरी शेळीच नाही त्यांचे होते. त्यांत कोंडिबा आप्पांचाही होता.

"आप्पा," सगुणाबाई म्हणाल्या, "तुमी रुळाच्या बाजूला उभं हाय."

याचा अर्थ कोणालाही कळला नाही. मागे उभी असलेली रुपाली मात्र तोंडावर ओढणी घेऊन हसली.

पृथ्वीराजांचा स्वर चढला. "आजी, परवा वासरू गेलं. उद्या एखादं पोरगं गेलं, तर तवा बी प्रश्नच इचारणार का?"

हा प्रश्न लबाडीचा नव्हता, हे सगुणाबाईंना कळत होते. त्यांनी पदर सावरला.

"पिंजरा नको म्हणले का मी? पायजेच. शेळी बी पायजे, त्याबिगार त्यो येणार न्हाई. माझं म्हणणं एवढंच हाय, पृथ्वीराजा. भ्या समद्या गावाचं हाय. मंग वाटा एकाच पानावर का? गावासाठी म्हणता तवा त्या गावात मी धरलीय का न्हाई? धरली आसंल, तर पंचवीस जणं मिळून एकीच्या दावणीवर हात कसा टाकता? आन् धरली नसंल, तर कुणासाठी देऊ?"

'पान' हा शब्द ऐकताच कोंडिबा आप्पांनी मान वर केली. आप्पांचे वय ब्याऐंशी. ऐकू कमी येते, पण जेवणाचा विषय ऐकू येतो. त्यांनी तरुणपणी आपल्या रानातील तळावर अनेकदा वाटा खाल्लेला होता.

"आरं, तळावरचं वाटं!" आप्पा ओरडले. "ही पाठमोरी उभी ऱ्हायाची आन् हरिबा इचारायचा, ह्यो कुणाचा! काय चव हुती! तसंच करा की. सोडत काढा."

"आप्पा, सोडत शेवटी," सगुणाबाई म्हणाल्या. "आदी वाटं सारखं घालावं लागत्यात. पिंजऱ्यातल्या शेळीची येवस्था काय, ती किती दिस, कुणी बघायचं, काय झालं तर काय, हे समदं आदी लिवा. मंग पाठ फिरवू."

येथून पुढे जे घडले, ते हिवरमळ्याच्या ग्रामसभेच्या इतिहासात पूर्वी घडलेले नव्हते. लोकांनी ठरावातील प्रत्येक कलम लक्ष देऊन ऐकले.

"मधली जाळी किती दमदार हाय?" पृथ्वीराजांनी वनरक्षकास विचारले. अर्ध्या तासापूर्वी ठराव मांडताना हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

"मजबूत आहे. शंभरातून नव्वद वेळा शेळीला काही होत नाही."

"आन् ऱ्हायल्या धा येळा?"

पृथ्वीराज उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे तेल लावलेला सम्राट उभा असावा. त्यांनी असे भाषण केले की, एवढा कळवळा निवडणुकीतही ऐकावयास मिळाला नव्हता. पहिल्या जाळीपासून वीतभर अंतर सोडून दुसरी जाळी ठोकलीच पाहिजे. ती उद्या नव्हे, आजच. आपला वेल्डर आपण आणू. मागच्या कप्प्याला चारी बाजूंनी उसाचे पाचट बांधावे, म्हणजे वारा लागणार नाही. खाली कोरडे अंथरूण असावे. दिवसा शेळी घरी न्यावी, सूर्य मावळताना ठेवावी. कोणत्याही घराची शेळी सलग दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. "मुकं जनावर हाय ते! त्याला बी जीव हाय!" असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला.

"खरं हाय, बाळा," सगुणाबाई म्हणाल्या.

साखरबाईंनी सुचवले की ओला चारा आणि भरडा गावाने द्यावा. खंडोबाचा बोकड असलेल्याने सुचवले की शेळीला इजा झाली, तर मालकाने गावातील एकोणीस घरांपैकी कोणतीही शेळी अथवा बोकड आपल्या पसंतीने न्यावा. पृथ्वीराज येथे किंचित थबकले. पण इजा सम्राटलाच झाली तर काय, हा विचार करून त्यांनी संमती दिली. ज्यांच्या घरी शेळी नाही, त्यांनी चारा कापायचा आणि दिवस उगवताच वनरक्षकाबरोबर पिंजऱ्यावर जायचे, असे ठरले. आप्पांच्या घरालाही काम लागले. ग्रामसेवकांच्या वहीची अडीच पाने भरली. पहिला ठराव दीड ओळीचा होता.

मग वनरक्षकाने एकोणीस दगडांवर खडूने एक ते एकोणीस आकडे लिहिले आणि ते पसरले. दगड म्हणजे पाळीचा क्रमांक. आप्पांची शेळी नसल्यामुळे त्यांना देवाकडे तोंड करून उभे केले. साखरबाईंनी बजावले, "कुणी खोकायचं न्हाई हं! कुत्र्याला वाटा जातोय म्हणत्यात." ती जुनी गोष्ट गावास ठाऊक होती.

वनरक्षक मनास येईल त्या दगडावर काठी ठेवू लागला. "हा कुणाचा?"

"साखरबाईचा!"

चौदा. साखरबाईंनी देवास नमस्कार केला.

"हा कुणाचा?"

"खंडोबावाल्याचा!"

नऊ. असे करता करता काठी एक नंबरच्या दगडावर आली. सगुणाबाईंनी श्वास धरला. बाकीच्यांनीही धरला. वनरक्षकाने विचारले, "हा कुणाचा?"

"सगुणाबाईचा!" आप्पा पाठमोरे म्हणाले.

मग पृथ्वीराजांना हसू आवरेना. "बघा आजी! दोन तास आमाला हितं बसवलं, आन् झालं तेच!"

सगुणाबाई खाली बसल्या. त्यांना वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते वाईट वाटणे सकाळच्यासारखे नव्हते. सकाळी कोणी त्यांचे काही हिसकावून नेत होते. आता त्यांच्या पानावर जे आले, ते त्यांनीच मान्य केलेल्या वाटणीतून आले होते. त्या म्हणाल्या, "तेच न्हाई, सरपंच. सकाळी मरायला चालली हुती. आता पाळीवर चाललीया."

"हा कुणाचा?" वनरक्षकाने काठी दोन नंबरच्या दगडावर ठेवली.

"आमच्या पृथ्वीराजचा!" आप्पा म्हणाले.

सरपंचांचे हसणे मध्येच राहिले. त्यांनी वेल्डरला तेथूनच फोन लावला आणि जाड गजाची जाळी आणण्यास सांगितले.

घरी जाताना रुपाली म्हणाली, "आजी, तुझ्या ह्या वाट्याला पुस्तकात नाव हाय. अज्ञानाचा पडदा म्हणत्यात. आपण कोण आसणार, हे म्हाईत नसताना नियम करायचा."

"अज्ञान कशाला म्हणत्यात? उलट तवाच समदं दिसाय लागतंय. त्या सरपंचाला आज जाळी दिसली का न्हाई?"

संध्याकाळी बांडी पिंजऱ्यात गेली. सगुणाबाईंनी तिच्या फाटक्या कानाशी काही सांगितले. काय सांगितले, ते त्यांनी अद्याप कोणास सांगितलेले नाही.

सकाळी त्या सर्वांच्या आधी पिंजऱ्यावर पोहोचल्या. बांडी रवंथ करीत होती. दुसऱ्या सकाळीही तसेच. ज्या खणखणीत आवाजासाठी तिची निवड झाली होती, तो आवाज दोन्ही रात्री निघालाच नाही. कोरडे अंथरूण, वाऱ्याला पाचट आणि गावाचा भरडा पोटात असल्यावर ओरडण्याचे कारण तिला दिसले नसावे. वरच्या आळीत चर्चा झाली की म्हातारीनेच तिला गप्प राहण्यास शिकवले. सगुणाबाईंना कोणी विचारले की त्या म्हणत, "मी मेंढकी हाय, मास्तरीण न्हाई."

तिसऱ्या संध्याकाळी सम्राट पिंजऱ्यात गेला. पृथ्वीराजांनी त्याला स्वतः नेले, पाचट स्वतः दाबले, जाळी दोनदा हलवून पाहिली. सम्राट प्रदर्शनात पहिला आलेला असला, तरी एकट्याने राहण्याची त्याला सवय नव्हती. त्याचे ओरडणे हिवरमळ्याच्या पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू गेले, असे दुसऱ्या दिवशी तेथील लोकांनी सांगितले.

दिवस उगवताच वनरक्षक, आप्पांच्या घरची माणसे आणि मागोमाग सगुणाबाई पिंजऱ्यावर आल्या. पुढच्या कप्प्यात बिबट्या बसलेला होता. त्याचे डोळे पाहून सर्वजण चार पावले मागे सरले. मागच्या कप्प्यात सम्राट होता. घसा बसलेला, तेल उतरलेले, पण अंगावर ओरखडा नाही. पृथ्वीराज उसातून धावत आले. त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

वनखात्याची गाडी बिबट्याला दुसऱ्या पिंजऱ्यात घालून घेऊन गेल्यावर पिंजरा उघडून पाहिला. मधली मूळची जाळी एका कोपऱ्यात वाकून पंजाएवढी फाटली होती. तिच्या मागे वीतभर अंतरावर पृथ्वीराजांनी ठोकून घेतलेली दुसरी जाळी होती. ती जागची हललेली नव्हती.

पृथ्वीराज त्या फाटलेल्या कोपऱ्यापुढे उकिडवे बसले. मग हळू म्हणाले, "आजी, पहिल्या ठरावात दुसरी जाळी न्हवती."

"न्हवती."

"बांडी आसती तर..."

"ती वरडलीच नसती," सगुणाबाई म्हणाल्या. "उठा आता. बोकडाला गूळपाणी दावा. तालुक्याचा हाय त्यो."

पृथ्वीराज उठले. त्या दिवशी त्यांनी आपल्या घरून सगुणाबाईंकडे चहापुरते दूध पाठवले, कारण पिंजऱ्यातून आल्यापासून बांडीने दूध कमी केले होते. हे कलम अडीच पानांत कोठेही नव्हते.

यानंतर सरपंच पूर्णपणे बदलले असे लिहिल्यास ते असत्य ठरेल. दोन दिवसांनी गावात जागोजागी रंगीत पत्रके लागली. त्यांवर सम्राटचे मोठे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते, 'गावासाठी जिवावर उदार.' बांडीचा उल्लेख नव्हता. सगुणाबाईंनी रुपालीकडून ते वाचून घेतले, मान डोलावली आणि बांडीचे दावे सोडले.

पत्रके पिठाच्या खळीने लावलेली होती.